टर्मिनल मुकें कां होतें?



यंत्र चालू असतांना आपलें काम करतें, आणि बंद पडलें म्हणजे आपणांस विचार करावयास लावतें. पहिल्या गोष्टीसाठीं लोक पैसे मोजतात. दुसरीला कोणी किंमत देत नाहीं. विद्यार्थ्याच्या दृष्टीनें मात्र दुसरी अधिक मोलाची होय. म्हणून यंदाच्या अंकासाठीं आम्हीं एक लहानसा, पण पुष्कळ शिकविणारा विषय निवडला आहे. संगणकाला केबलीनें जोडलेलें टर्मिनल उत्तर देईनासें झालें, तर त्यांतील दोष कोणत्या क्रमानें शोधावा, हा तो विषय. शेतांतील मोटर पाणी देईनाशी झाली म्हणजे जाणता शेतकरी एकदम पंप उपसून काढीत नाहीं. आधीं वीज आहे कीं नाहीं तें पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग तार, आणि शेवटीं पंप. ही जी क्रमानें जाण्याची बुद्धि, तिचाच हा पाठ आहे.

आपला जिल्हा व हा विषय

हा विषय आपल्या मुलुखाबाहेरचा आहे, असें कदाचित् कोणास वाटेल. म्हणून आधीं त्याचा आपल्याशीं असलेला संबंध सांगतों. हिंगोली जिल्हा परभणी जिल्ह्यांतून ता. १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पांच तालुके. नागनाथाच्या देवालयामुळें औंढ्याचें नांव देशभर पूर्वीपासून ठाऊक आहे. आतां त्याच तालुक्यांत, दुधाळा गांवाच्या परिसरांत, 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारावयाची आहे. अशा लहरी ता. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील दोन वेधशाळांनीं प्रथम टिपल्या. तें वृत्त ता. ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं जगास कळलें, आणि त्याच महिन्यांत भारत सरकारनें आपल्या देशांतील वेधशाळेस तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें तिच्यासाठीं सुमारें २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला.

अशा वेधशाळेस एकमेकींशीं काटकोन करणाऱ्या दोन भुजा असतात; येथें प्रत्येक भुजा ४ किलोमीटर लांबीची व्हावयाची आहे. भुजेच्या नळींतून हवा जवळजवळ संपूर्ण काढून टाकतात, आणि लेसरचा किरण तींतून जाऊन आरशावरून परत येतो. गुरुत्वीय लहर येऊन गेली म्हणजे ह्या ४ किलोमीटरांत जो फरक पडतो, तो प्रोटॉनाच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतो. इतकें सूक्ष्म मापन करावयाचें, तर आरसे सांवरून धरणें, हवा काढणाऱ्या पंपांवर लक्ष ठेवणें, तपमान पाहणें, अशीं शेंकडों कामें संगणकांवर सोंपवावीं लागतात. अमेरिकेंतील त्या वेधशाळांत आरशांचें नियंत्रण करणारे संगणक लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्या कुळांतील कार्यप्रणालीवर, चालतात.

वेधशाळा राहूं द्या. हळदीच्या व्यापारांतही हीच विद्या आहे. पोतें ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवतात, तशा पुष्कळ काट्यांच्या मागील बाजूस टांचण्यांची एक लहान जोडणी असते. तींतून वजनाचा आंकडा एकामागून एक अक्षर अशा रीतीनें संगणकाकडे जातो. तो आंकडा जर चुकीचा पोंचला, किंवा पोंचलाच नाहीं, तर शेतकऱ्याचें किंवा अडत्याचें नुकसान ठरलेलें. तेव्हां ही जोडणी समजून घेणें हें आपणां सर्वांच्या हिताचें आहे.

टर्मिनल म्हणजे काय?

टर्मिनल म्हणजे एक पडदा व एक कळफलक. त्याच्या ठायीं स्वतःची बुद्धि फारशी नसते. आपण दाबलेलें अक्षर तें तारेंतून संगणकाकडे पाठवितें, व संगणकाकडून आलेलें अक्षर पडद्यावर दाखवितें. एवढेंच त्याचें काम. ह्या यंत्राचें कूळ तारखात्यांत आहे. तार म्हणजे काय, हें आजच्या मुलांनीं घरांतील वडीलधाऱ्यांस विचारावें. कारण आपल्या देशांतील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तारखात्यांत टेलिप्रिंटर नांवाचें यंत्र असे. एका गांवीं त्याच्या कळा दाबून लिहिलेला मजकूर दुसऱ्या गांवीं आपोआप कागदावर उमटे.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी युनिक्स रचूं लागले. संगणकाशीं बोलावयास त्यांनीं अशाच जातीचीं टेलिटाइप यंत्रें वापरलीं. त्यांतील 'मॉडेल ३३' हें यंत्र सेकंदास अवघीं १० अक्षरें छापी. पुढें कागदाच्या जागीं कांचेचा पडदा आला. १९७८ सालीं डिजिटल कंपनीनें काढलेलें 'व्हीटी १००' हें टर्मिनल इतकें लोकप्रिय झालें कीं, नंतरच्या पुष्कळ टर्मिनलांनीं त्याचीच बोली उचलली. १९९१ सालीं लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यानें लिनक्सचा आरंभ केला; त्यांतही टर्मिनलाच्या जोडणीस 'टीटीवाय' असेंच नांव आहे. टेलिटाइप ह्या शब्दाचेंच तें संक्षिप्त रूप होय. नातवाला आजोबांचें नांव ठेवावें, तसा हा प्रकार आहे.

आपल्या देशांतही ह्या जोडणीनें मोठें काम केलें. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट ह्या सरकारी संस्थेनें भारतीय परिस्थितीस मानवणारीं टेलिफोन-केंद्रें बनविलीं. त्यांतील मोठ्या केंद्रांत देखभालीचा संगणक युनिक्सवर चाले, आणि कर्मचारी त्याच्याशीं टर्मिनलावरून व्यवहार करीत.

आज संगणकास स्वतःचा पडदा असतो, मग टर्मिनल कशास हवें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, वेधशाळांतील, बँकांतील व टेलिफोन-केंद्रांतील कित्येक संगणकांना पडदाच नसतो; त्यांच्याकडे जाळ्यावरून जावें लागतें. जाळेंच तुटलें म्हणजे ती वाट बंद होते. घराचा पुढचा दरवाजा अडकून बसला कीं परसदाराची आठवण होते. संगणकाचें परसदार म्हणजे ही सीरियल जोडणी. तेंही उघडेना, तर घरांत शिरावयाचें कसें? म्हणून ह्या दाराची बिजागरी नीट ओळखून ठेवावी.

अक्षराचा प्रवास

'सीरियल' म्हणजे एकामागून एक. अरुंद साकवावरून माणसें जशीं एका ओळीनें पलीकडे जातात, तसे अक्षराचे बिट एकाच तारेवरून ओळीनें जातात. प्रत्येक बिट म्हणजे ० किंवा १. इंग्रजी 'ए' ह्या मोठ्या अक्षराचा क्रमांक ६५. तो बिटांत १०००००१ असा लिहितात.

आतां पलीकडच्या यंत्रास अक्षर कोठें सुरू झालें हें कसें कळावें? त्यासाठीं प्रत्येक अक्षरापूर्वीं एक आरंभ-बिट व शेवटीं एक विराम-बिट पाठवितात. मध्यें ७ किंवा ८ बिट अक्षराचे. कांहीं वेळां त्यांच्यानंतर एक समता-बिट असतो. अक्षरांतील १ ह्या अंकांची एकूण संख्या सम किंवा विषम, जशी ठरली असेल तशी, राखावी, एवढेंच त्याचें काम. आजच्या सर्वसाधारण रीतींत ८ बिट अक्षराचे, समता-बिट नाहीं, व विराम-बिट १ असतो. म्हणजे आरंभ-बिट धरून एका अक्षरास १० बिट लागले. तारेची गति सेकंदास ९,६०० बिट असेल, तर सेकंदास ९६० अक्षरें जातात.

तारेवरील विजेची भाषा 'आरएस-२३२' ह्या प्रमाणांत ठरविलेली आहे. हें प्रमाण अमेरिकेंत १९६० सालीं प्रथम निघालें. त्याप्रमाणें घेणाऱ्या टोंकाशीं उणें ३ ते उणें १५ व्होल्ट म्हणजे १, आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. मधला पट्टा अर्थहीन. तार स्वस्थ असते तेव्हां तिच्यावर उणें व्होल्ट असतात, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

ह्यावरून दिसेल कीं, दोन्ही टोंकांमध्यें एक करार असतो. त्याचीं कलमें पांच: गति, अक्षराचे बिट, समता, विराम-बिट, आणि 'आतां थांब' असें सांगण्याची रीत. ह्या कराराची प्रत तारेबरोबर पाठविली जात नाहीं. दोन्ही बाजूंनीं ती आधींच सारखी मांडून ठेवावी लागते. टर्मिनलाचे बहुतेक रोग म्हणजे तुटलेली तार, नाहीं तर मोडलेला करार.

शोधाचा आरंभ: वळसा-परीक्षा

पडदा कोरा आहे, कळ दाबली तरी कांहीं उमटत नाहीं, अशी स्थिति घेऊं. दोष चार ठिकाणीं असूं शकतो: टर्मिनलांत, केबलींत, संगणकाच्या जोडणींत, किंवा संगणकाच्या आंतील मांडणींत. अननुभवी माणूस येथें चारही ठिकाणीं एकदम हात घालतो. केबल बदलतो, गति बदलतो, संगणक बंद करून पुन्हां चालू करतो. आणि चुकून यश आलेंच, तरी कशानें आलें तें त्याला कळत नाहीं. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी त्याची गत होते.

शहाणा माणूस प्रथम टर्मिनलास वीज आहे कीं नाहीं व पडद्याचा उजेड कमी केलेला नाहीं ना, हें पाहतो. नंतर तो वळसा-परीक्षा करतो. नऊ टांचण्यांच्या जोडणींत २ व ३ ह्या क्रमांकांच्या टांचण्या मुख्य. एकीवरून अक्षर बाहेर जातें व दुसरीवर आंत येतें. ५ वी टांचणी दोहोंची सामायिक भूमि. टर्मिनलाकडील जोडणींत २ व ३ ह्या टांचण्या तारेच्या लहान तुकड्यानें एकमेकींस जोडाव्या. म्हणजे बाहेर गेलेलें अक्षर तेथूनच वळून परत येईल. आतां कळ दाबतांच अक्षर पडद्यावर उमटलें, तर टर्मिनल निर्दोष. (टर्मिनल स्वतःच अक्षर दाखवीत असेल तर ती सोय आधीं बंद करावी, नाहीं तर परीक्षा फसवी होईल, तसेंच थांबण्या-चालण्याचे तारांवरचे संकेतही बंद ठेवावे.)

मग तोच वळसा केबलीच्या दुसऱ्या टोंकाशीं घालावा. तेथेंही अक्षर परत आलें तर त्या दोन तारा सलग आहेत. याप्रमाणें वळसा एकेक पाऊल संगणकाकडे सरकवीत जावें. जेथें अक्षर परत येईनासें होतें, तेथें आणि त्याच्या मागच्या परीक्षेच्या ठिकाणामध्यें दोष आहे. विहिरीपासून शेतापर्यंतच्या पाटांत पाणी कोठें मुरतें, हें पाटाच्या कांठानें चालत जाऊनच कळतें, तसेंच हें.

केबल शाबूत असूनही संभाषण होईना, तर दोन्ही बाजू एकाच तारेवर बोलत नाहींत ना, हें पाहावें. एकाचें तोंड दुसऱ्याच्या कानाशीं यावयास हवें. तोंडाशीं तोंड आणि कानाशीं कान आला तर कोणास कांहींच ऐकूं येणार नाहीं. टर्मिनल व संगणक हे दोघेही जेव्हां ३ ऱ्या टांचणीवरूनच बोलतात, तेव्हां मध्यें २ व ३ ह्या तारा उलटसुलट केलेली केबल घालावी लागते. कोणती टांचणी बोलणारी आहे हें ओळखण्यास साधा व्होल्टमापक पुरतो. केबल काढून घ्यावी, मापकाची काळी तार ५ व्या टांचणीस लावावी व तांबडी २ आणि ३ ह्यांस आळीपाळीनें लावून पाहावी. जीवर स्पष्ट उणें व्होल्ट दिसतील ती बोलणारी.

येथें एक सूचना. खेळण्याएवढ्या लहान संगणक-पट्ट्यांवर जी सीरियल जोडणी असते, ती पुष्कळदां ३.३ किंवा ५ व्होल्टांची असते. तिला आरएस-२३२ ची तार सरळ लावूं नये. पट्टी जळून जाण्याचा संभव असतो. मध्यें व्होल्ट बदलणारें साधन घालावें.

केबल ठीक, टांचण्या ठीक, तरी पडदा कोरा. तर आतां संगणकाच्या आंत पाहावें. युनिक्सच्या कुळांत प्रत्येक जोडणीवर 'गेटी' नांवाचा एक कार्यक्रम द्वारपालासारखा बसवावा लागतो. तोच 'तुमचें नांव सांगा' असें पडद्यावर लिहितो. द्वारपाल नेमलाच नसेल, किंवा दुसऱ्याच दारावर नेमला असेल, तर केबल कितीही चांगली असली तरी आंतून हांक येणार नाहीं. कांहीं वेळां द्वारपाल असतो, परंतु 'पलीकडे कोणी आलें आहे' असा संकेत १ ल्या टांचणीवर येईपर्यंत तो तोंड उघडीत नाहीं. तीन तारांच्या साध्या केबलींत तो संकेत कधींच येत नाहीं. अशा वेळीं 'संकेताची वाट पाहूं नकोस' अशी आज्ञा त्यास द्यावी लागते. उलट, टर्मिनलाच्या जागीं दुसरा लिनक्स संगणकच वापरीत असाल, तर त्याची जोडणी उघडण्याचा अधिकार आपणांस आहे काय, हें पाहावें. डेबियन व उबुंटु ह्यांत तो अधिकार 'डायलआउट' नांवाच्या गटास दिलेला असतो.

लक्षणांवरून निदान

पडदा कोरा नसला, पण त्यावर भलतेंच उमटत असलें, तर आनंद मानावा. कारण तारा सलग आहेत हें सिद्ध झालें. आतां फक्त करार पाहावयाचा. प्रत्येक कलम मोडल्याचें लक्षण वेगळें असतें.

पहिलें लक्षण: सर्वच अक्षरें निरर्थक. हा बहुधा गतीचा दोष. घेणारें यंत्र आरंभ-बिट दिसतांच मनांत ठोके मोजूं लागतें व प्रत्येक बिटाच्या मध्यावर तारेकडे पाहतें. शेवटचा बिट येईपर्यंत त्याला सुमारें साडेनऊ ठोके मोजावयाचे असतात. तेवढ्यांत त्याचें घड्याळ अर्ध्या ठोक्यानें चुकलें कीं तें शेजारच्या बिटाकडे पाहतें. साडेनवांत अर्धा म्हणजे शेंकडा सुमारें ५. इतकी चूक खपते, अधिक खपत नाहीं. एक टोंक ९,६०० वर व दुसरें १९,२०० वर असेल तर मग बोलावयासच नको.

दुसरें लक्षण: कांहीं अक्षरें बरोबर, कांहीं नेहमीं चुकीचीं. हा समतेचा दोष. समजा, एक बाजू ७ बिट व सम समता पाळते, आणि दुसरी बाजू ८ बिट घेते व समता जाणत नाहीं. 'ए' म्हणजे १०००००१; त्यांत १ हा अंक दोन वेळां आला, म्हणून समता-बिट ०, आणि अक्षर नीट पोंचतें. 'सी' म्हणजे १००००११. त्यांत १ तीन वेळां, म्हणून समता-बिट १. दुसरी बाजू तो अक्षराचाच आठवा बिट समजते, आणि भलतेंच चिन्ह उमटतें.

तिसरें लक्षण: ओळी जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें उजवीकडे सरकत खालीं उतरतात. टेलिटाइपवर नवी ओळ घेण्यास दोन आज्ञा लागत: एक कागद वर सरकविण्याची व दुसरी छापणारा गाडा डावीकडे आणण्याची. युनिक्स आपल्या मजकुरांत पहिलीच ठेवतो आणि पाठवितांना दुसरी जोडतो. तें जोडणें बंद झालें म्हणजे ह्या पायऱ्या दिसतात. 'एसटीटीवाय सेन' ही आज्ञा दिली असतां हा दोष व ह्याच जातीचे दुसरे कित्येक दोष दूर होतात.

चौथें लक्षण: प्रत्येक अक्षर दोनदां उमटतें. टर्मिनल स्वतः दाखवितें व संगणकही तें परत पाठवितो. टर्मिनलाचें बंद करावें.

पांचवें लक्षण: सर्व ठीक चाललें असतां पडदा एकदम गोठतो. बहुधा कोणी तरी नकळत 'कंट्रोल' व 'एस' ह्या कळा एकत्र दाबलेल्या असतात. ती 'थांब' अशी आज्ञा होय. 'कंट्रोल' व 'क्यू' दाबतांच प्रवाह पुन्हां सुरू होतो. ह्याच्या उलट, लांब मजकुरांतून मधलीं अक्षरें गळत असतील, तर 'थांब' म्हणण्याची रीतच दोहों बाजूंनीं सारखी ठरलेली नाहीं असें समजावें.

नागरी अक्षरांची गोष्ट

ह्या दुसऱ्या लक्षणाचा आपल्या भाषेशीं निकटचा संबंध आला होता. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें भारतीय लिप्यांसाठीं चाललेलें काम तिनें पुढें नेलें, व 'जिस्ट' नांवाचें टर्मिनल तयार केलें. तें सीरियल तारेनें संगणकास जोडलें म्हणजे त्याच्या पडद्यावर देवनागरी व इतर भारतीय लिप्या उमटत. ह्या अक्षरांचे क्रमांक 'इस्की' ह्या प्रमाणांत ठरलेले असून तें १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालें. त्यांतील योजना चतुर होती. ० ते १२७ हे क्रमांक इंग्रजी अक्षरांकडे जसेच्या तसे राहूं दिले, व १२८ च्या वरच्या जागेंत आपलीं अक्षरें बसविलीं. 'क' चा क्रमांक १७९, 'ख' चा १८०, 'ग' चा १८१.

परंतु १२८ च्या वरचा क्रमांक लिहावयास आठवा बिट लागतो. तार सात बिटांची असेल तर तो बिट वाटेंत गळतो, म्हणजे क्रमांकांतून १२८ वजा होतात. मग 'क' चे उरले ५१, 'ख' चे ५२ व 'ग' चे ५३. आणि हे अनुक्रमें ३, ४ व ५ ह्या इंग्रजी अंकांचे क्रमांक आहेत! अर्थात् 'कखग' लिहिणाऱ्यास पडद्यावर ३४५ दिसावयाचें. हें कोडें ज्यास उलगडलें, तो टर्मिनलास दोष न देतां कराराचें दुसरें कलम ७ चें ८ करील व पुढें चालूं लागेल. ज्यास उलगडलें नाहीं, तो 'ह्या यंत्राला मराठी येत नाहीं' असें म्हणून मोकळा होईल. मराठी येत होतें. तिला जावयास तारेवर एक बिट कमी पडत होता.

आतां युनिकोड आलें आहे. त्याच्या नेहमींच्या रीतींत प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हास ८ बिटांचे तीन गट लागतात. गति पूर्वीपेक्षां वाढली आहे म्हणून हें ओझें जाणवत नाहीं; पण आठही बिट शाबूत पोंचले पाहिजेत, हा नियम आजही तोच आहे.

शोधाचे चार नियम

एवढ्या विवेचनावरून चार नियम निघतात. ते वहींत उतरून घ्यावे.

१. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. बदलून गुण आला नाहीं तर ती पूर्ववत् करून मगच दुसरीस हात लावावा.

२. जें केलें व जें दिसलें तें लिहून ठेवावें. स्मरणावर भिस्त ठेवूं नये.

३. जें निश्चित चांगलें आहे तेथून निघावें व संशयाच्या दिशेनें चालावें.

४. 'कालपर्यंत चालत होतें' असें कोणी सांगितलें, तर 'काल आणि आज ह्यांत काय बदललें?' हें विचारावें.

पालकांस विनंती

आतां पालकांस दोन शब्द. मुलास संगणक येतो असें आपण म्हणतों तेव्हां बहुधा त्याला चालू यंत्र वापरतां येतें, एवढाच त्याचा अर्थ असतो. बंद पडलेलें यंत्र पाहून जो मुलगा किंवा जी मुलगी घाबरत नाहीं, खालीं बसून वही उघडते आणि पहिल्या टोंकापासून आरंभ करते, तिलाच तें खरोखर येऊं लागलें असें समजावें. ह्यासाठीं महागडीं साधनें लागत नाहींत. घरांत किंवा शाळेंत एक जुना संगणक, यूएसबीस लावावयाचें एक लहान सीरियल साधन, आणि दोन टांचण्या जोडावयास तारेचा तुकडा, एवढ्यावर वळसा-परीक्षा होते. 'हात लावूं नकोस, बिघडेल' हें वाक्य घराघरांत ऐकूं येतें. त्याऐवजीं 'काय बदलतोस तें आधीं लिहून ठेव' असें सांगितलें, तर यंत्रही सुरक्षित राहील व मूलही शिकेल.

दुधाळ्याजवळील वेधशाळा उभी राहिली म्हणजे तेथें शास्त्रज्ञ देशोदेशींहून येतील. परंतु मध्यरात्रीं एखाद्या पंपाचा आंकडा पडद्यावर येईनासा झाला, तर तो परत आणणारा माणूस जवळपासचा असावा लागेल. तो माणूस औंढ्याचा, कळमनुरीचा किंवा सेनगांवचा असावा, कीं जिल्ह्यांतील मुलांनीं ती वेधशाळा रस्त्यावरूनच पाहावी, ह्याचा निकाल पुष्कळसा आज आपल्या शाळांत व घरांत लागत आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. इंग्रजी मोठ्या अक्षरांचे क्रमांक 'ए' पासून ६५, ६६, ६७ असे ओळीनें चालतात. एक बाजू ७ बिट व सम समता पाळते, दुसरी ८ बिट घेते व समता जाणत नाहीं. 'बी' पासून 'जी' पर्यंतच्या सहा अक्षरांपैकीं कोणतीं नीट पोंचतील?

२. 'हिंगोली' ह्या शब्दांत युनिकोडाचीं सात अक्षरचिन्हें आहेत. प्रत्येकास आठ बिटांचे तीन गट व प्रत्येक गटास तारेवर १० बिट लागतात. तारेची गति सेकंदास ३०० बिट असल्यास आपल्या जिल्ह्याचें नांव पलीकडे पोंचण्यास किती वेळ लागेल?

३. टर्मिनलाच्या टोंकाशीं वळसा घातला असतां अक्षर परत येतें. केबलीच्या दुसऱ्या टोंकाशीं घातला असतां येत नाहीं. दोष कोठें आहे, व यानंतर आपण कोणती एकच गोष्ट बदलून पाहाल?